रानचं मटण आणि दुकानचं मटण

कोकणातल्या मांसाहारी माणसाकडे ब्रॉयलरचा विषय काढा, तो नाक मुरडल्याशिवाय राहणार नाही. त्याच्या लेखी गावठी कोंबडी त्याहून बरी आणि रानचं मटण सगळ्यांत वरचं: डुक्कर, भेकर, साळिंदर. रानातलं जनावर मोकळं हिंडतं, कंदमुळं उकरून खातं, त्याला कुणी सुई टोचत नाही. मग त्याच्या मांसात वाईट येणार कुठून? "रानातला आसा, काय होवचा नाय," हे वाक्य लहानपणापासून माझ्या कानांवर आहे. मी ते हसण्यावारी नेत नाही, कारण त्यातला निम्मा भाग खरा आहे.

दुकानातल्या कोंबडीबद्दलचा संशय निराधार नाही. साधारण दीड महिन्यात ती दोन किलोच्या आसपास भरते. ही वाढ हार्मोनच्या इंजेक्शनांनी होते, असं सर्रास बोललं जातं. ते खरं नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवडून केलेली पैदास आणि मोजूनमापून दिलेलं खाद्य यांचा तो परिणाम आहे. प्रतिजैविकांची गोष्ट मात्र खरी. कोलिस्टिन हे औषध माणसावर शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायचं, आणि तेच कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून दिलं जात होतं. 2019 मध्ये केंद्र सरकारने खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली. रानातल्या डुकराला यातलं काही मिळत नाही आणि त्याच्या अंगावर चरबीही कमी असते. एवढं मान्य करूनच पुढे जायला हवं.

पण निर्भेळ आणि निर्धोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

1835 मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेम्स पॅजेट नावाच्या विद्यार्थ्याला एका मृतदेहाच्या स्नायूंत खडूच्या कणांसारखे ठिपके दिसले. प्रत्येक ठिपक्यात गुंडाळी करून बसलेली एक सूक्ष्म अळी होती. ही ट्रिकिनेला. तीस वर्षांनी, 1865 मध्ये, जर्मनीतल्या हेडर्सलेबेन या लहानशा गावात कच्चं डुकराचं मांस खाऊन तीनशेहून अधिक माणसं आजारी पडली आणि शंभरावर दगावली. ते मांस रानातलं नव्हतं. पाळलेल्या डुकराचं, विकत घेतलेलं होतं. रुडॉल्फ फिर्खो या वैद्याने मग मांसतपासणीचा आग्रह लावून धरला. कापलेल्या डुकराच्या स्नायूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, मगच मांस विकायचं, ही शिस्त तिथे रुजली. आज युरोपात गोठ्यातल्या डुकरात ही अळी क्वचितच सापडते. धोका उरला आहे तो मुख्यतः रानडुकरात. म्हणून शिकाऱ्याने मारलेल्या डुकराचा नमुनाही तिथे तपासला जातो.

बव्हेरियाच्या जंगलात तर आणखी एक तपासणी लागते. 1986 च्या चेर्नोबिल अपघातातलं आणि त्याआधीच्या अणुचाचण्यांतलं किरणोत्सारी सीझियम तिथल्या मातीत मुरलं आहे. जमिनीखालची कवकं ते शोषतात, डुकरं ती कवकं उकरून खातात. किलोमागे 600 बेकरेलहून जास्त किरणोत्सार निघाला, तर ते मांस विकता येत नाही. माणसापासून दूर म्हणून रान स्वच्छ, या समजुतीला इतकं चोख उत्तर दुसरं नसेल.

आपल्याकडचं डुक्कर ताटात येतं कसं, ते आता पाहू. ते फासकीत अडकतं किंवा ठासणीच्या बंदुकीला बळी पडतं. फासकीत रात्रभर धडपडलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपते, मेल्यावर मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही. ते काळपट, चिकट होतं आणि लवकर नासतं. छर्रा पोटात शिरला, तर आतड्यातली घाण मांसभर पसरते. रक्त नीट काढलेलं नसतं, थंडाव्याचा पत्ता नसतो, आणि पहाटे गोणीतून आलेला वाटा उजाडायच्या आत घरोघर पोचलेला असतो. मांस धुताना स्टीलच्या परातीत टण्णकन वाजलेला छर्रा मी पाहिला आहे. काकूने तो दोन बोटांत धरून बाजूला ठेवला आणि पुढचा तुकडा हातात घेतला. हाताला लागला तो निघाला. शिशाचे जे बारीक कण मांसात विखुरतात ते हाताला लागत नाहीत, आणि लहान मुलाच्या शरीरात शिशाची कुठलीच मात्रा सुरक्षित मानली जात नाही. जनावर सोलणाऱ्याच्या हाताला गोचीड चिकटते ती वेगळीच. 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला, तेव्हा गोचीड काय करू शकते हे त्या भागाने पाहिलं.

हे सगळं कुणी तपासत नाही, कारण तपासायला नेता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा आहे आणि ते मांस बाळगणंही. चोरून आलेलं मांस कुठला पशुवैद्य पाहणार? आजारी पडलेला माणूसही डॉक्टरला खरं सांगत नाही. उलट 2006 मध्ये नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू आला, तेव्हा देशभर गाजावाजा झाला, लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, कुक्कुटपालक बुडाले. ते सारं वेदनादायक होतं, पण रोग दिसला तो कुणीतरी पाहत होतं म्हणून.

मांसाची खात्री या पाहण्यातून येते, असं माझं मत आहे. रीतसर कत्तलखान्यात पशुवैद्य बकरा आधी जिवंतपणी पाहतो, कापल्यावर यकृत आणि फुप्फुस चिरून पाहतो, तेव्हा शिक्का बसतो. रस्त्याकडेच्या टपरीवर टांगलेल्या बकऱ्याकडे असं कुणी पाहिलेलं नसतं, आणि त्या बाबतीत दुकानचं मटण रानच्या मटणाच्याच रांगेत उभं राहतं. याबद्दल आपण पुरेसे चिडत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

डुकराने एका रात्रीत लोळवलेलं भात ज्याने पाहिलं आहे, तो शेतकऱ्याला दोष देणार नाही. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी परवानगीची वाट कायद्यात आहे. मात्र असं मारलेलं डुक्करही सरकारी मालमत्ता ठरतं, ते ताटात घ्यायचं नसतं. ती परवानगी आणि नुकसानभरपाई वेळेवर मिळायलाच हवी. फासकी हा त्यावरचा उपाय नाही. तिच्यात बिबटेही मरतात.

तेव्हा रानचा वाटा दारात आला, तर घेऊ नका. मटण घ्याल तिथे शिक्का विचारा. नसेल, तर नगरपालिकेला का नाही ते विचारा. आणि चुलीवर घाई करू नका: कोंबडीचं मांस आतपर्यंत 74 अंश सेल्सियसला पोचलं पाहिजे, हाडापाशी कच्चं राहता कामा नये. आपल्या आज्या मटण तासभर रटरटू द्यायच्या. त्यांची ती सवय मोडू नका.