अक्कासमवेत फ्लॉरेन्स

परदेशातील एखादे प्रख्यात नगर पाहावयास निघालेल्या मनुष्याच्या मनावर त्या नगराच्या कीर्तीचे एवढे दडपण असते, की जे दिसेल ते आपल्याला आवडलेच पाहिजे अशा कर्तव्यबुद्धीने तो मंदिरातून मंदिरात आणि चित्रशाळेतून चित्रशाळेत हिंडत राहतो. सोबतीला स्नेही असेल तर त्याच्या रसिकतेची बूज राखण्यासाठी, पत्नी असेल तर तिच्या हौसेला मोडता न घालण्यासाठी, आणि एकटाच असेल तर घरी परतल्यावर चार लोकांना सांगावयाचे आहे म्हणून, तो आपल्या दृष्टीला थोडीफार शिस्त लावतोच. सख्खे भावंड बरोबर असले म्हणजे ही शिस्त आपोआप गळून पडते. ज्या व्यक्तीने आपल्याला पाटीवर पहिले अक्षर गिरविताना आणि गोवरात तळमळताना पाहिले आहे, तिच्यापुढे विदग्धतेचा आव कोण आणणार, आणि आणून तो किती घटका टिकणार? भावंडाच्या संगतीत डोळे जे पाहतात तेच तोंडातून निघते, आणि एवढी प्रांजळ दृष्टी प्रवासात फार क्वचित लाभते, असे माझे मत अक्कासमवेत फ्लॉरेन्स पाहिल्यापासून दृढ झाले आहे.

अक्का माझ्याहून बरीच वडील. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरापासून मला शाळेत पोचविण्याचे काम तिच्याकडे असे, आणि रस्ता ओलांडताना माझे मनगट धरण्याची तिची त्या वेळची रीत अद्यापि सुटलेली नाही. तिची सारी हयात महसूल खात्यात गेली; अर्ज, नकला, फेरफार आणि पंचनामे यांच्या सहवासात वर्षे काढून ती अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाली. माझे आयुष्य इतिहास शिकविण्यात गेले, त्यामुळे नगराची सनावळी मी पाठ करून आलो होतो. पियाझ्झा देल्ला सिन्योरियाच्या विस्तीर्ण चौकात, जगातील नाना भाषांच्या कल्लोळात, मी मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या प्रतिकृतीसमोर उभा राहून मूळ पुतळा १८७३ साली येथून का हलविला याचा विचार करीत असता, पलीकडच्या कारंज्यापासून तिची हाक आली: "बाळू, इकडे ये." आईवडील गेल्यानंतर मला त्या नावाने हाक मारणारे या पृथ्वीवर एकच माणूस उरले आहे. माझ्या पदव्या, माझी पुस्तके, माझे पिकलेले केस यांपैकी कशाचीही दखल न घेता त्या हाकेने मला परक्या देशाच्या मध्यभागी माझ्या मूळ जागी नेऊन उभे केले, आणि मग पुढे जे पाहिले ते त्याच जागेवरून पाहिले.

उफ्फित्सीत बोत्तिचेल्लीच्या दालनात जी दाटी असते, तीत आम्ही फार वेळ थांबलो नाही. अक्काला चित्रांपेक्षा वास्तूची हकीगत भावली. कोसिमो द मेदिचीच्या हुकमावरून वासारीने १५६० साली ही इमारत बांधावयास घेतली ती राज्याच्या निरनिराळ्या खात्यांच्या कचेऱ्या एका छपराखाली आणण्यासाठी, हे मी सांगताच ती थबकली, त्या लांबच लांब वीथीच्या खिडक्यांतून येणाऱ्या प्रकाशाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "इथं बसून लिहायला उजेड चांगला मिळत असणार." इतिहासाची अनेक पुस्तके वाचूनही, त्या इमारतीत कधी काळी कोणी दुपारच्या प्रहरी दप्तर उघडून बसले असेल, ही गोष्ट माझ्या मनात आली नव्हती.

पोन्ते वेक्यो या १३४५ च्या पुलावरून जाताना तिला कोल्हापूरची सराफांची गुजरी आठवली, आणि ते साहजिकच होते. १५९३ साली राजाज्ञेने तेथून खाटकांना उठवून सोनारांना बसविण्यात आले, ती दुकाने आजही तेथेच आहेत. पण तिचे पाय खऱ्या अर्थाने थांबले ते सांता क्रोचेच्या परिसरात, भिंतीवर बसविलेल्या एका लहानशा पाटीपाशी. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचे पाणी जेथवर चढले होते ती रेषा त्या पाटीवर कोरलेली आहे. अक्काने हात उंच केला. तो तिथवर पोचेना. पंचगंगेचे २०१९ आणि २०२१ सालचे रूप ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पाण्याची रेषा वाचावयास शिकवावे लागत नाही. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: "आणि कागदपत्रं?" मी तिला नदीकाठच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे सांगितले. तळघरात चिखलपाणी शिरून लक्षावधी ग्रंथ भिजले; देशोदेशींहून आलेल्या तरुण मुलामुलींनी रांगा धरून, हातोहात, ते बाहेर काढले. शेजारच्या सांता क्रोचेत चिमाबुएने रंगविलेला भव्य क्रूस त्या पुरात सापडला, आणि त्यावरील रंगाचा मोठा अंश कायमचा वाहून गेला. आम्ही आत जाऊन तो पाहिला. ज्या ठिकाणी ख्रिस्ताच्या मुखावरचा रंग गेला आहे, त्या ठिकाणी अक्का पुष्कळ वेळ पाहत होती. दर पावसाळ्यापूर्वी कचेरीतील खालच्या खणांतली दप्तरे वरच्या मांडणीवर चढविण्याचे काम तिने वर्षानुवर्षे स्वतः उभे राहून करवून घेतले होते; तिच्या त्या पाहण्यात काय काय होते ते मला न बोलता कळले.

सान मार्कोच्या मठात आमची दृष्टी एक झाली. मिकेलोत्सोने बांधलेल्या या मठाच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीशी पोचताना फ्रा आंजेलिकोचे भित्तिचित्र समोर येते: देवदूत मरियेला वार्ता सांगण्यास आला आहे. दोघांचेही हात छातीशी दुमडलेले आहेत, जणू सांगणारा आणि ऐकणारी दोघेही त्या वार्तेपुढे सारखीच नम्र झाली आहेत. देवदूताचे पंख तेवढे रंगीत पट्ट्यांचे. बाकी सर्वत्र उघड्या भिंती, कमानी, फुललेली हिरवळ, तिच्यापलीकडे लाकडी कुंपण, आणि मागच्या खोलीला गज लावलेली एक लहानशी खिडकी. मरिया एका साध्या लाकडी बैठकीवर बसली आहे. सिंहासन नाही, गादी नाही, त्या घरात एखादे भांडेसुद्धा नाही. अक्का म्हणाली, "हिच्याकडे काहीच नाही रे, म्हणूनच हिला एवढं सांगता येतंय." मठातील चाळिसांहून अधिक खोल्यांपैकी प्रत्येकीत एकेक भित्तिचित्र आणि एकेक खिडकी आहे, साधूने पाहावे ते एवढेच. फ्लॉरेन्समध्ये एकच स्थळ पाहण्याइतका अवकाश ज्याला असेल, त्याने सर्व प्रासाद सोडून या मठात यावे, असे मी निःशंकपणे सांगेन.

ब्रुनेल्लेस्कीच्या घुमटावर मी एकटाच चढलो, कारण त्या ४६३ पायऱ्या अक्काच्या गुडघ्यांना झेपण्यासारख्या नव्हत्या. पण खाली गेल्यावर ती विचारणार हे ठाऊक असल्यामुळे मी वरून दिसणाऱ्या देखाव्यापेक्षा दोन कवचांमधल्या अरुंद वाटेतील विटांकडेच अधिक लक्ष दिले. जमिनीपासून लाकडी आधार उभा न करता १४२० ते १४३६ या काळात एवढा घुमट उभा राहिला, त्याचे एक मर्म त्या विटांत आहे: आडव्या थरांमध्ये ठरावीक अंतराने विटा उभ्या लावीत नेल्या आहेत, त्यामुळे चुना ओला असतानाही झुकलेला थर आत घसरत नाही. चौकातल्या बाकावर बसून अक्काने हे सारे माझ्याकडून दोनदा ऐकून घेतले.

आणि मग आम्ही काशिने उद्यानात गेलो, ज्यासाठी खरे म्हणजे कोल्हापूरच्या माणसाने फ्लॉरेन्सला यावे. मेदिचींच्या काळी शिकारीचे आणि गुरांचे रान असलेले हे उद्यान आर्नोच्या उजव्या तीराने लांबवर पसरले आहे; येथल्याच वनराजीत १८१९ साली शेलीला पश्चिम वाऱ्यावरचे त्याचे काव्य सुचले. उद्यानाच्या पार शेवटी, जेथे मुन्योने नावाचा लहानसा प्रवाह आर्नोला मिळतो, तेथे एक छत्री आहे आणि तिच्याखाली पागोटे घातलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. हे आमचे छत्रपती राजाराम महाराज. पाटणकरांच्या घराण्यात जन्मलेले नागोजीराव १८६६ साली दत्तक येऊन कोल्हापूरच्या गादीवर बसले, १८७० साली विलायतेस गेले, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर रोजी या नगरात वारले. वय अवघे वीस वर्षांचे. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीची रचना मेजर मँटची, ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा रचला. जवळून आर्नोवर जाणाऱ्या १९७८ च्या पुलालाही लोक 'हिंदी माणसाचा पूल' अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात.

महाराजांनी प्रवासात रोजनिशी लिहिली होती, इंग्रजीत. त्यांच्यासमवेत असलेल्या कॅप्टन वेस्टने ती १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्या छत्रीसमोर उभा असता मला त्या रोजनिशीनेच व्याकूळ केले. एवढे पाहिले, आणि ते सांगितले ते परक्या भाषेत, कागदाला. एकदा मनुष्य गादीवर बसला, की त्याच्या परिवारातील प्रत्येक जण त्याला 'महाराज' म्हणतो. नागोजी हे नाव दत्तकविधानाबरोबरच संपले. विसाव्या वर्षी परमुलखात आजारी पडलेल्या त्या मुलाला बालपणीच्या नावाने हाक मारावयास कोणी असते, तर नगरे त्याला निराळी दिसली असती, असे काहीसे मी बोललो.

अक्काने ते ऐकून घेतले, पण तिला ते रुचले नाही. "बिचारा म्हणू नकोस," ती म्हणाली. "त्याला बघायचं होतं, तो निघाला, त्यानं बघितलं. किती जणांना ते जमतं?" आणि पुतळ्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहून झाल्यावर तिने विषय ज्या बाजूला नेला, तिकडे माझे मन आपण होऊन कधीच गेले नसते. नोव्हेंबर १८७० मध्ये फ्लॉरेन्स अजून इटलीच्या राज्याची राजधानी होते. रोम हाती येऊन जेमतेम दोन महिने उलटले होते. कॅथलिक देश, प्रेताला अग्नी देण्याची चाल सर्वस्वी अपरिचित, आणि तरीही एक-दोन दिवसांत नदीकाठी, दोन प्रवाहांच्या संगमावर, हिंदू रीतीने दहनाची परवानगी मिळाली. "कुणीतरी अर्ज केला असेल," अक्का सांगू लागली, "तो कुठल्यातरी टेबलावर गेला असेल. पूर्वीचा दाखला नाही, नियमात तरतूद नाही, वेळ तर मुळीच नाही. असा कागद समोर आला की पहिली गोष्ट मनात येते ती 'वरिष्ठांकडे पाठवावा'. आयुष्यभर मी बघितलंय. त्या माणसानं तो अडकवून ठेवला नाही."

ट्रामच्या थांब्यापर्यंतची वाट लांब होती आणि ती सारी वाट अक्का त्या अनामिक कारकुनाविषयीच बोलत होती: त्याने शेरा काय मारला असेल, संगमाची जागा कोणी सुचविली असेल, लाकडाचा बंदोबस्त रातोरात कोणत्या खात्याने केला असेल, त्याच्या घरी त्या रात्री काय बोलणे झाले असेल. दुसऱ्या दिवशी पिसाला जाण्याचे आम्ही ठरविले होते, आगगाडीची चौकशीही झाली होती. ट्राममध्ये बसल्यावर तिने माझे मनगट धरले आणि विचारले, "बाळू, पालिकेचं जुनं दप्तर इथं लोकांना बघू देत असतील ना? पिसा राहू दे. सकाळी उघडायच्या वेळेला जाऊन उभं राहू."