मुठीत वजन असलेली

पॅडलच्या कोर्टावर हिला लांबूनही ओळखता येतं. तिथल्या कितीतरी रॅकेटी वरच्या अंगाला रुंद, खालच्या बाजूला निमुळत्या, डायमंडच्या आकाराच्या असतात आणि त्यांच्या रंगांवरूनच कळतं की या मारायला आल्यात. ही मात्र गोल. थेट वाटोळा चेहरा, त्यावर नीट मांडलेली भोकं, आखूड मूठ. दुकानदार तिला ‘कंट्रोलवाली’ म्हणतात. मालक भंडाऱ्याच्या खात रोडवरचा, नोकरीला पुण्यात. बॅडमिंटन खेळत वाढलेला हा मुलगा पुण्यात पॅडलला लागला आणि ही त्याच्या खांद्याला लागली.

दिवाळीत ती भंडाऱ्याला आली, तेव्हा आजीनं तिला हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं. ‘‘हा का होय बाप्पा? बुंदीचा झारा होय का?’’ पोरगं हसलं. शेजारचे काका मात्र हसले नाहीत. त्यांचा जन्म पितळेच्या भांड्यांच्या धंद्यात गेलेला. भंडाऱ्याचं नाव ज्या भांड्यांनी झालं, ती हातात तोलूनच त्यांनी विकली. त्यांनी रॅकेट एका बोटावर आडवी धरली, थोडी पुढे-मागे सरकवली. ती स्थिर झाली तेव्हा बोट पात्याच्या मधोमध नव्हतं, बरंच मुठीकडे होतं. ‘‘हिचा वजन मुठीत हाये,’’ काका म्हणाले. रॅकेटच्या कंपन्या जाहिरातीत पानभर लिहितात ते त्यांनी एका बोटावर सांगितलं.

तिचा सगळा स्वभाव या वजनातून येतो. साडेतीनशे ग्रॅमच्या वरची ही बाई, बॅडमिंटनच्या रॅकेटच्या चौपट जड. पण वजन मुठीजवळ असल्यामुळे हातात हलकी वाटते. जाळीजवळ उभं राहिल्यावर समोरून चेंडू अंगावर आला की मनगट फार न हलवता ती आडवी येते. मोठा झोका घ्यायला तिथे वेळच नसतो आणि तिलाही तो नकोच असतो. चेंडू पात्यावर जिथे बसला की सगळ्यात चांगला जातो, ती जागा हिच्याकडे चेहऱ्याच्या ऐन मध्यावर आणि ऐसपैस आहे. डायमंडवाल्यांची तीच जागा वर सरकलेली आणि लहान. त्यामुळे मध्यापासून दोन बोटं चुकलेला फटकाही ही पोटात घालते. हातात पिळवटत नाही, कोपराला झिणझिण्या आणत नाही. नवख्यांवर इतकी माया करणारी रॅकेट विरळाच.

घराणं तसं जुनं नाही. १९६९ साली मेक्सिकोतल्या अकापुल्को इथे एन्रिके कोर्कुएरा यांनी आपल्या घरच्या आवारात, भिंतींना धरून हा खेळ मांडला. १९७४ साली अल्फोन्सो दे होहेनलोहे यांनी तो स्पेनमध्ये मार्बेयाला नेला आणि पुढे स्पेन अन् अर्जेंटिनानं त्याला डोक्यावर घेतलं. तेव्हाच्या रॅकेटी लाकडी होत्या. आता आत फोम, वर काचतंतू किंवा कार्बनचा थर. लांबी साडेपंचेचाळीस सेंटिमीटरच्या आत, जाडी ३८ मिलिमीटरच्या आत, हे नियम साऱ्या घराण्याला लागू. तार कोणालाच नाही.

मुंबई-पुण्यात हा खेळ अलीकडे जोरात पसरलाय. कोर्ट २० मीटर लांब, १० मीटर रुंद. दोन्ही टोकांना काचेची भिंत, बाजूला काही काच आणि काही जाळी. खेळायचं चौघांनी. आणि खरी गंमत त्या काचेत आहे. चेंडू आधी जमिनीवर टप्पा घेऊन मग काचेवर आदळला तर तो जिवंत असतो. काचेवरून परत येईपर्यंत थांबायचं आणि मग मारायचा.

हे थांबणं म्हणजे हिचा जीव की प्राण. बॅडमिंटनमध्ये फूल जमिनीला लागलं की खेळ खलास, त्यामुळे आपल्या भंडाऱ्याच्या मुलाचं सारं अंग पुढे झेपावायला शिकलेलं. चेंडू अंगावरून मागे गेला की तो धावून, कसाबसा वाकून मधेच अडवायचा आणि तो फटका जाळीत जायचा. ही गप्प. पण एकदा तो चुकून थांबला. चेंडू त्याला ओलांडून गेला, मागच्या काचेवर आपटला, वेग टाकून गुडघ्याच्या उंचीवर परत आला आणि जणू वाट पाहू लागला. तोवर त्याचा खांदा वळलेला होता, रॅकेट खाली गेली होती. हिनं तो चेंडू खालून उचलला आणि समोरच्या दोघांच्या डोक्यांवरून मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. जाळीवर दाटून उभे असलेले ते दोघे पळत मागे गेले आणि हे दोघे चालत पुढे आले. पॅडलमध्ये जाळी ज्याची, त्याचा गुण, असं धरायला हरकत नाही. आणि ही जागा हिच्या घरच्यांना ताकदीनं कधी मिळत नाही, अशा उंच लॉबनं मिळते. त्या एका फटक्यानंतर मुलाचं आणि हिचं जमलं.

मनगटावरून मात्र पुष्कळ दिवस खटके उडाले. बॅडमिंटनवाल्याला शेवटच्या क्षणी मनगट झटकायची खोड. हिला ती अजिबात खपत नाही. झटका दिला की चेंडू थेट काचेवर, तोही टप्पा न घेता, म्हणजे गुण समोरच्यांचा. मनगट घट्ट, पातं किंचित उघडं आणि हात चेंडूच्या मागोमाग गेला पाहिजे, एवढीच तिची मागणी. ती पुरी केली तर कोर्टाच्या कुठल्याही हातभर जागेत चेंडू टाकून देते. सर्व्हिसचंही तसंच. इथे ती खालूनच करायची, कमरेच्या वर चेंडूला हात लावायचा नाही. हिच्या सर्व्हिसवर कोणी थेट बाद होत नाही, पण चेंडू बाजूच्या काचेला चाटून असा मरतो की परतवणाऱ्याला वाकावंच लागतं.

आता तिची उणी बाजू. डोक्यावर आलेला सोपा चेंडू जीव खाऊन हाणायचा असेल तर हिला हात लावू नये. डायमंडवाले असा चेंडू आपटून चार मीटर उंचीच्या मागच्या भिंतीवरून बाहेर घालवतात. हिच्या स्मॅशमध्ये तेवढा दम नसतो. चेंडू मागच्या काचेवर आपटतो, आरामात परत येतो आणि समोरच्याला ताटात वाढल्यागत मिळतो. ही तिची खरीखुरी मर्यादा आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. डावीकडे उभं राहून फटके संपवणाऱ्या खेळाडूंनी दुसरी रॅकेट घेतलेली बरी. उजवीकडे उभं राहून जोडीदारासाठी डाव रचणाऱ्याच्या हातात मात्र हिचं सोनं होतं. डोक्यावरच्या चेंडूला ही बांदेहा खेळते: खांद्याच्या उंचीवर घेतलेला, कापून दिलेला फटका. चेंडू काचेवरून उसळतच नाही आणि आपली जाळी सुटत नाही. मला विचाराल तर पॅडलमधला सगळ्यात सुंदर फटका हाच.

ऋतूंचं तिला फार. थंडीत आतला फोम कडक होतो, चेंडूही मंद पडतो, सकाळी दव पडलं असेल तर ओल्या काचेवरून तो घसरून खालीच राहतो. अशा दिवशी ती रुसलेली असते, प्रत्येक फटक्याला हातानं जास्तीचा जोर लावावा लागतो. उन्हाळा तिचा. तापलेला चेंडू उड्या मारतो, डायमंडवाल्यांचे फटके भिंतीबाहेर जाऊ लागतात आणि हिचे कोर्टात पडत राहतात. पण ऊन म्हणजे खेळण्यापुरतं. मे महिन्यात भंडाऱ्याला जाताना मुलानं तिला गाडीच्या डिकीत टाकलं होतं. विदर्भातला मे, गाडी दुपारभर उन्हात. संध्याकाळी घरामागच्या भिंतीवर चेंडू मारून पाहिला तर आवाज बदललेला. एरवीचा भरीव ‘टप्प’ जाऊन पोकळ ‘भद्द’. बॅडमिंटनच्या रॅकेटची तार सैल पडली तर गटिंग करून घेता येतं. हिच्यात ती सोयच नाही. फोम गेला की गेला. दुसऱ्या दिवसापासून ती घरात, आजीच्या खोलीतल्या गार कोपऱ्यात राहिली, आणि नशिबानं आवाज बऱ्यापैकी परत आला.

नटण्याची हौस जेमतेम, पण कपाळाच्या पट्टीबाबत हट्टी. काचेवरून सरपटत आलेला चेंडू काढताना तिची कड भिंतीला घासते, म्हणून वरच्या काठाला जाड चिकटपट्टी लागते. ती सुटली की कडेला टवके उडतात. मुठीवरची ग्रिप घामानं गुळगुळीत झाली की ती हातात फिरते, आणि फिरलेलं पातं म्हणजे तिच्या दृष्टीनं अपमान. मनगटाची दोरी तर नियमानंच सक्तीची. ती अडकवल्याशिवाय खेळायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात समोरच्या जोडीतल्या एका गड्यानं तिला मागून घेतलं. धिप्पाड, डाव्या बाजूचा, डायमंड वापरणारा. त्याच्या रॅकेटला भेग पडली होती. पहिले दोन गेम त्यानं वर आलेला प्रत्येक चेंडू हाणला. तिनं प्रत्येक वेळी तो काचेवरून परत आणून समोरच्यांच्या पुढ्यात ठेवला. गडी तापला, पात्याकडे पाहू लागला. तिसऱ्या गेममध्ये पुन्हा उंच चेंडू आला तेव्हा त्यानं हात वर नेला, मधेच आवरता घेतला आणि खांद्याच्या उंचीवरून कापला. चेंडू मागच्या कोपऱ्यात पडला, काचेला टेकला आणि उठलाच नाही. गुण मिळाला होता, तरी तो जागचा हलला नाही. ‘‘ही कितीला पडली?’’ त्यानं जाळीपलीकडून विचारलं.