‘पर्यंत’ नावाचे अव्यय

मराठी व्याकरणात ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय मोठे गरीब गणले जाते. नामाला चिकटून राहावे आणि त्याची हद्द आखून द्यावी, एवढेच त्याचे काम. मोबाइल कंपन्यांच्या जाहिरातींनी मात्र या गरीब अव्ययावर फार मोठा भार टाकला आहे. आकडा हातभर मोठ्या अक्षरांत असतो आणि त्यामागचा ‘पर्यंत’ भिंगातून पाहावा इतका बारीक. ‘अमुक मेगाबिटपर्यंत वेग’ या वाक्यात कंपनीने खोटे काहीच सांगितलेले नसते. शून्यापासून त्या आकड्यापर्यंत जे काही मिळेल ते सारे त्या वाक्यात बसते.

आमच्या वसईकडील वाडीवाल्यांना हे समजायला विहिरीचे उदाहरण पुरेल. पहाटे एकटाच पंप चालू असेल तर विहीर जेवढे पाणी देते, तेवढे सकाळी आठ वाजता चार वाड्यांचे पंप एकदम सुरू झाल्यावर देत नाही. मोबाइलचा मनोरा ही अशीच सामाईक विहीर आहे. त्याची क्षमता त्याच्या छायेतल्या सर्वांत वाटली जाते. म्हणूनच गावच्या सणाच्या दिवशी मांडवातले सगळेजण एकाच वेळी छायाचित्रे धाडू लागले, की एरवी धावणारा फोन गोगलगायीसारखा सरपटतो. जाहिरातीतला वेग हा पहाटेच्या एकट्या पंपाचा वेग असतो.

त्यात मापांचाही घोळ आहे. वेग ‘बिट’मध्ये सांगतात आणि आपण उतरवून घेतो ते चित्र वा गाणे ‘बाइट’मध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे १०० मेगाबिटचा वेग खरोखरच लाभला, तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच पदरात पडतात. बाजारात कोणी किलोचा भाव सांगून पावाच्या मापाने माल देऊ लागला, तर आमच्या बाया त्याची पाटी उलथवतील. येथे मात्र सारे निमूट आहेत. ‘अमर्याद’ या शब्दाचीही तीच गत आहे. अनेक योजनांत दिवसाचा वाटा संपला की वेग ६४ किलोबिटवर येतो. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या सरकारने ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान २ मेगाबिट वेग ठरवून दिला. त्याच्या तिसाव्या हिश्शाहूनही कमी असलेला हा झरा ‘अमर्याद’ वाहतो खरा!

नावांची गंमत तर साता समुद्रांपलीकडेही चालते. ‘फोर-जी’ म्हणजे काय, याची कसोटी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००८ साली कडक ठेवली होती. पुढे २०१० मध्ये अमेरिकेत एका बड्या कंपनीने आपल्या सुधारित थ्री-जीलाच ‘फोर-जी’ म्हणण्यास आरंभ केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संघानेही हे नाव अशा सुधारित जाळ्यांना लावण्यास हरकत घेतली नाही. मार्च २०१२ मध्ये एटी अँड टीच्या ग्राहकांकडील आयफोन ४एस नव्या सॉफ्टवेअरनंतर एका रात्रीत ‘फोर-जी’ दाखवू लागले. फोन तोच, मनोरा तोच, फक्त पाटी बदललेली. या कंपनीने २०१९ च्या आरंभी पुढची मजल मारली. ज्या फोर-जी फोनांत फाइव्ह-जीचा लवलेश नव्हता, त्यांच्या पडद्यावर तिने ‘फाइव्ह-जी ई’ ही अक्षरे झळकवली. स्प्रिंट या प्रतिस्पर्धी कंपनीने फेब्रुवारीत तिच्यावर दावा ठोकला आणि एप्रिलमध्ये तो आपसात मिटला. शेवटी २०२० मध्ये तिकडच्या जाहिरात परीक्षण मंडळाच्या शिफारशीवरून कंपनीने जाहिरातींतून ते नाव वगळण्याचे मान्य केले.

आपल्याकडे फाइव्ह-जीचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले. त्या दिवशी कित्येकांच्या खिशात ‘फाइव्ह-जी’ असे छापलेले महागडे फोन होते आणि तरीही ते फोर-जीवरच चालत होते. निर्मात्यांनी सॉफ्टवेअरचे कुलूप अजून काढले नव्हते. आयफोनवाल्यांना डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. शिवाय जिओने आरंभापासून स्वतंत्र फाइव्ह-जी उभारले, तर एअरटेलने ते आधी फोर-जीच्या पायावर बसवले. काही फोन एका पद्धतीला राजी, दुसरीला नाराज. फोर-जीच्या पायावरील जाळ्यात तर पडद्यावर ‘फाइव्ह-जी’ दिसत असताना फोन प्रत्यक्षात फोर-जीवर असू शकतो.

पट्ट्यांचे प्रकरण याहून निर्णायक आहे, आणि दुकानात त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. प्रत्येक कंपनीला लिलावात हवेतील ठरावीक लहरींचे पट्टे मिळालेले असतात. ७०० मेगाहर्ट्झची लहर दूरवर जाते, जाड भिंती भेदते, पण भार कमी वाहते. ३३०० मेगाहर्ट्झची लहर भरपूर माल वाहते, पण भिंतीपाशी अडखळते. त्या पट्ट्याचा कान फोनला नसेल, तर मनोरा दारात असूनही उपयोग शून्य. २०१४ साली निघालेल्या आयफोन ६च्या अमेरिकेत विकल्या गेलेल्या एका मॉडेलला २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकू येत नव्हता, आणि आपल्याकडच्या फोर-जीचा मोठा भार त्याच पट्ट्यावर होता.

परदेशातून आलेल्या भेटीच्या बाबतीत हे आमच्या घरांना विशेष जाचते. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका वृद्ध मावशींना २०२३ च्या पावसाळ्यात त्यांच्या भाच्याने अमेरिकेहून फोन धाडला. मुलगा प्रेमळ. हप्त्यांवर घेतलेला नवा कोरा फोन त्याने मावशींसाठी दिला. मावशींनी आपला जुना फोन तितक्याच प्रेमाने नातवाला देऊन टाकला. नव्याने मात्र इथले सिमकार्ड ओळखण्यास साफ नकार दिला. आपल्याकडे फोन बहुधा मोकळा विकला जातो, तिकडे हप्ते फिटेपर्यंत तो त्या कंपनीच्या दावणीला बांधलेला असतो. भाचा तिकडच्या कंपनीला फोन करी, कंपनी त्याला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर धाडी. इकडे मावशींच्या निवृत्तिवेतनाच्या खात्याचा सांकेतिक क्रमांक त्याच सिमकार्डावर यायचा. नातू कॉलेजातून परते, तेव्हा त्याच्या फोनात ते कार्ड घालायचे, तो क्रमांक कागदावर टिपायचा आणि मग बँकेत जायचे. आणि कुवेतला असलेल्या लेकाचा रविवारचा फोन? तो आमच्या घरी येई. मावशी मिस्सेनंतर सरळ आमच्या ओटीवर येऊन बसत, आणि फोन वाजेपर्यंत चहाला हात लावीत नसत. असे दीड महिना चालले. त्या काळात ‘वेग’ हा शब्द आम्हांस फार पोकळ वाटू लागला होता. त्या माउलीला गिगाबिट नको होते, लेकाचा आवाज हवा होता, आणि त्याला सेकंदाला काही किलोबिट पुरतात.

म्हणून फोन धाडणाऱ्या आप्तेष्टांना आमची विनंती आहे. तो फोन मोकळा आहे काय, हे आधी पाहावे. त्याचा मॉडेल क्रमांक कळवावा आणि त्यावरून पट्टे ताडून घ्यावेत. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासूनच्या फोनांत तर सिमकार्डाची खाचच नाही, म्हणजे मावशींचे कार्ड त्यात बसणारच नाही. फोन घेणाऱ्यांनीही जुना फोन, नवा लागेपर्यंत, देऊन टाकू नये.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना आपापल्या जाळ्याचे नकाशे संकेतस्थळावर मांडणे भाग पाडले, हे चांगले झाले. ते नकाशे जरूर पाहावेत. मात्र रंगाने भरलेल्या गावात आपल्या जुन्या जाड भिंतींच्या घराचे माजघरही आहे, हे नकाशाला ठाऊक नसते. स्टेशनबाहेर रंगीत छत्रीखाली कार्ड विकणारी मुले बसतात. त्यांतल्या एकाला आम्ही अलीकडे दोनच प्रश्न विचारतो: आमच्या माजघरात, रात्री नऊ वाजता, किती वेग? आणि आमचा हा फोन तुमचे कोणते पट्टे ऐकतो? तो बिचारा हसतो, ‘थांबा, साहेबांना विचारतो’ म्हणतो आणि फोन लावतो. बऱ्याचदा तो लागतही नाही.