परळची गाडी

परक्या शहरात येणाऱ्या मनुष्याजवळ सामानाखेरीज आणखी एक ओझे असते. ते म्हणजे संकोचाचे. वाट विचारावयाची, तर आपण नवखे आहोत हे चारचौघांत कबूल करावे लागते. आणि एवढी साधी कबुलीही पुष्कळांस जड जाते.

नाशिक जिल्ह्यातील एका खेड्यातून एक आजोबा आपल्या बारा वर्षांच्या नातवाला घेऊन मुंबईस निघाले होते. आजी परळच्या एका रुग्णालयात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. परळात केईएम रुग्णालय १९२६ पासून आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे. त्यामुळे गावोगावचे रुग्ण आणि त्यांचे नातलग यांची तेथे सदैव ये-जा असते. आजीस भेटण्याची वेळ चार ते सहा अशी होती.

वाटेत दादर आले, तेव्हा आजोबा म्हणाले, "कुणाला तरी विचारू का रे? परळला जायला कुठं उतरायचं?"

"कशाला, आजोबा? आपलं तिकीट शेवटच्या स्थानकाचं आहे. पुढचं मी पाहतो. मला वाचता येतं ना!"

दादरहून परळ अवघे एक स्थानक. पण ते दोघांसही ठाऊक नव्हते. गाडी त्यांना तसेच पुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर घेऊन गेली. तेव्हा पावणेपाच वाजले होते.

या स्थानकाजवळच्याच बोरीबंदराहून १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास गेली. ते अंतर सुमारे ३४ किलोमीटर. आज त्याच मार्गावर थोड्याथोड्या मिनिटांनी लोकल सुटते. फलाटावरील फलक पाहून मुलाने 'कल्याण' हे नाव वाचले. परळ त्याच वाटेवर आहे, एवढे त्यास माहीत होते. आजोबांचा हात धरून तो ऐटीत गाडीत चढला.

नावाशेजारी आणखी एक खूण होती. ती गाडी धीमी आहे की जलद, हे सांगणारी. तिच्याकडे मात्र त्याने पाहिले नाही. धीमी गाडी मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ अशी प्रत्येक ठिकाणी थांबत जाते. जलद गाडी भायखळा सोडते ती थेट दादरला थांबते.

भायखळा गेले. चिंचपोकळीचा फलक झर्रकन मागे पडला. मग करी रोडही. मुलाच्या छातीत धडधडू लागले. परळची पाटी त्याने नीट वाचली. पण गाडी थांबली नाही. वाचता येत होते, तरी त्याचा काही उपयोग नव्हता.

शेजारी उभा असलेला एक कामगार आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. "बाबा, परळ हवं होतं का? ही जलद गाडी. घाबरू नका. दादरला उतरा, पूल चढा आणि उलट दिशेची धीमी गाडी धरा. पुढचंच स्थानक परळ."

दादरला मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वेंचे फलाट आहेत. पूर्वी दोन्हीकडे क्रमांक एकपासून सुरू होत, त्यामुळे नवख्यांचा गोंधळ उडे. डिसेंबर २०२३ पासून ते सलग केले आहेत. आजोबांनी पुलावर एका विद्यार्थिनीस फलाट विचारला. तिने थांबून बोटाने दाखवला.

मुलगा तिकडे धावू लागला. पण आजोबा तिकिटाच्या खिडकीकडे वळले.

"आजोबा, उशीर होतोय! चूक तर नकळत झाली."

"चूक आपली, बाळ. आपलं तिकीट परळपर्यंतचंच होतं."

रांगेत दहा मिनिटे गेली. त्या दहा मिनिटांत मुलाने घड्याळाकडे कितीदा पाहिले, ते त्याचे त्यालाच ठाऊक. या वेळी मात्र गाडीत पाय ठेवण्यापूर्वी त्याने दारातील गृहस्थांस विचारले, "काका, ही परळला थांबते ना?" हे शब्द उच्चारताना त्याचे कान तापले होते. गृहस्थ सहज "हो, ये" म्हणाले आणि त्यांनी आजोबांस जागा करून दिली. कोणीही हसले नाही.

रुग्णालयात पोहोचले तेव्हा सहाला वीस मिनिटे कमी होती. आजीने नातवाचा हात हातात घेतला. "वाट सापडली का रे?" तिने विचारले.

मुलगा क्षणभर थांबला. "मी चुकवली होती," तो म्हणाला. "आजोबांनी विचारून काढली."

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया नीट पार पडली. त्यानंतर आठ दिवस तो मुलगा मुंबईत होता. एके सायंकाळी फलाटावर एक बाई कडेवर मूल घेऊन बावरल्यासारख्या उभ्या होत्या. दोनदा त्यांनी कोणाला तरी विचारण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. मुलाने ते ओळखले. तो पुढे झाला.

"मावशी, कुठं जायचं आहे?"

"करी रोडला, बाळा."

"मग ही सोडा. ही जलद आहे. मागून धीमी येते आहे."

शहर कितीही मोठे असो, त्यातील प्रत्येक जाणकार कधीतरी तेथे नवखा होता. म्हणून वाट विचारण्यात कमीपणा नाही. आणि विचारणाऱ्यास ती नीट सांगणे हे तर आपले देणेच आहे.