कंटाळा आला तरी

आई पोस्टात बचत खात्यांच्या खिडकीवर बसायची. पासबुकातल्या नोंदी, शिक्के आणि संध्याकाळी रोकड जुळवणं. पाच रुपयांचा फरक निघाला तरी सगळं पुन्हा मोजायचं. मी नोकरी शोधू लागले तेव्हा ती म्हणाली, "आवडीचं काम शोध, असं सगळेच सांगतील. मी सांगते, कंटाळा आला तरी हात चुकणार नाही असं काम धर."

शेअर बाजारात सौदे करताना मला तिचंच म्हणणं सर्वांत जास्त उपयोगी पडतं. सव्वानऊ ते साडेतीन पडद्यावर आकडे हिरवे-लाल होत राहतात. पण खरं काम त्याआधीच उरकलेलं असतं: कोणत्या भावाला घ्यायचं, अंदाज फसला तर कुठे बाहेर पडायचं, एका सौद्यावर भांडवलाचा किती हिस्सा लावायचा. मग उरतं ते नुसतं थांबणं, आणि तेच सोसवत नाही. हात शिवशिवतात. निव्वळ काहीतरी करायचं म्हणून सौदा होतो.

अशा सौद्यांत लाखाचे नव्वद हजार झाले तर पुन्हा लाखावर यायला अकरा टक्क्यांहून किंचित जास्त कमाई पुरते. पन्नास हजार झाले तर शंभर टक्के लागते. म्हणून स्टॉपलॉस, म्हणजे तोटा ठरलेल्या भावाला थांबवून बाहेर पडायची आधीच दिलेली सूचना. तो लावायला बुद्धी फारशी लागत नाही. तो प्रत्येक सौद्याला, न चुकता लावायला लागते ती आईची रोकड जुळवण्याची चिकाटी.

बाजार नियामक सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये. शेवटच्या वर्षी अशा ट्रेडर्सपैकी, नफ्यातले-तोट्यातले सगळे धरून, ४३ टक्के तिशीच्या आतले होते. हे आकडे वाचून माझा जीव तुटतो. ही मुलं अडाणी नाहीत. ऑप्शन्सची मुदत संपते त्या, एक्सपायरीच्या दुपारी पैसे दुप्पट होताना पाहिलेल्या मुलाला रिकामा दिवस काढणं कुणी शिकवलेलंच नसतं.

माझा भाचा नोकरी सोडून पूर्णवेळ ट्रेडिंग करायचं म्हणतोय. त्याने नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवले. मी मागितल्या, एकही सौदा न करता काढलेल्या दिवसांच्या नोंदी. का थांबलास, काय पाहिलंस, काय सोडून दिलंस. तशी वही त्याच्याकडे नव्हती. नोकरी चालू ठेवून वर्षभर ती लिही, मग राजीनाम्याचं बोलू, असं मी सांगितलं. तो रुसलाय. त्याचा रुसवा मला चालेल.