मानेतली गाठ

मानेत गाठ आणि अंगात रेंगाळणारा ताप म्हटलं की आमच्याकडे पहिलं नाव निघतं टीबीचं. त्यात गैर काही नाही. मिरजगावात मानेच्या गाठी तपासताना मीही आधी क्षयच मनात धरतो. पण सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करण्याआधी ती गाठ सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिली गेलेली असावी, एवढा माझा हट्ट असतो.

हाताला बरंच कळतं. एकमेकींना चिकटलेल्या, हळूहळू मऊ पडणाऱ्या गाठी बहुधा क्षयाच्या. रबरासारख्या, न दुखणाऱ्या गाठी लागल्या की लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची, धास्ती वाटते. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीच्या गाठी मात्र दोन्हींत बसेनात. मानेच्या एकाच बाजूला, लहान, सुट्या, दाबल्या की दुखणाऱ्या. ताप चढता आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी. सुईने घेतलेल्या नमुन्यात मेलेल्या पेशी दिसल्या होत्या, आणि तेवढ्यावर टीबीची औषधं सहज सुरू होतात.

सर्जनना म्हटलं, अख्खी गाठ काढा. मोठा भाग फॉर्मलिनमध्ये, एक तुकडा नुसत्या सलाइनमध्ये. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. ही सलाइनची बाटली पाठवायची राहून गेली की टीबीचा संशय तसाच लोंबकळत राहतो.

अहवाल आला: किकुची-फुजिमोटो. जपानमध्ये किकुची आणि फुजिमोटो यांनी 1972 साली स्वतंत्रपणे नोंदवलेला आजार. पेशींच्या केंद्रकांचा चुरा, तो गिळणाऱ्या हिस्टिओसाइट पेशी, आणि एवढी पडझड होऊनही न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीतच, ही त्याची खूण.

"मग औषध काय, डॉक्टर?" वडिलांनी विचारलं. तापाच्या गोळ्या, आराम आणि धीर. कॅन्सरच्या भीतीने झोप उडालेल्या घराला हे पटवणं फार जड जातं. बहुतेकांच्या गाठी एक ते चार महिन्यांत विरतात. ताप हटेचना तर स्टिरॉइड. बायोप्सीआधी मात्र स्टिरॉइड नकोच. गाठ बसते, ताप उतरतो आणि लिम्फोमा असला तर तो झाकला जातो.

गाठी गेल्या तरी या आजाराच्या रुग्णांना मी तपासणीला बोलावत राहतो, कारण काहींना पुढे ल्युपस हा प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार होतो. सांधे दुखू लागले, गालांवर चट्टे उठले, तर लगेच या. बायोप्सीचा कागद जपून ठेवा, आणि कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी आधी तो दाखवा.