रात्रपाळीत पुसलेल्या टेप

१५० एमबी. जुलै २०११पर्यंत अमेरिकेच्या आयकर खात्यात, म्हणजे आयआरएसमध्ये, एका कर्मचाऱ्याच्या मेलबॉक्सला सर्व्हरवर एवढीच जागा असायची. साधारण १,८०० मेल मावायचे. पेटी भरली की दोनच वाटा: मेल उडवा, नाहीतर उचलून आपल्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. त्या हार्ड डिस्कचा बॅकअप घेतला जात नव्हता. सर्व्हरचा बॅकअप टेपवर व्हायचा आणि सहा महिन्यांनी त्याच टेपवर पुढचा बॅकअप चढायचा.

मेल आणि फाइलींचा बॅकअप सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा धंदा. हे आकडे वाचले तेव्हा पुढे काय झालं असणार ते पान न उलटताच कळलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका सीनिअरला विचारलं होतं, की आपल्या प्रॉडक्टमधला 'लीगल होल्ड' नावाचा चेकबॉक्स नक्की कशासाठी आहे. हा टिक केला की ठरलेली मुदत संपली तरी डेटा पुसला जात नाही, एवढं माहीत होतं. पण असं कोणाला का हवं असतं? तो म्हणाला, "लॉइस लर्नर वाच." मला वाटलं, लेखिका असेल.

लॉइस लर्नर या आयआरएसच्या करमुक्त संस्थांच्या विभागाच्या संचालक. १० मे २०१३ रोजी वकिलांच्या एका परिषदेत त्यांनी एका प्रश्नाच्या उत्तरात माफी मागितली. प्रश्न आधीच ठरवून विचारायला लावलेला होता, हे नंतर उघड झालं. माफी कशाची? करमुक्तीसाठी आलेल्या अर्जांपैकी ज्यांच्या नावात 'टी पार्टी' किंवा 'पेट्रियट्स' असे शब्द होते, ते अर्ज त्यांच्या खात्याने बाजूला काढून जास्तीच्या तपासणीत टाकले होते. टी पार्टी म्हणजे ओबामांच्या काळात उभी राहिलेली उजवी चळवळ. त्यातल्या छोट्या छोट्या संस्थांचे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिले, काहींकडे देणगीदारांची नावंसुद्धा मागितली गेली. राजकारण बाजूला ठेवलं तरी सरकारी टेबलावर अर्ज अडकणं म्हणजे काय, ते आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

रिपब्लिकन पक्षाच्या ताब्यातल्या प्रतिनिधिगृहाने हे प्रकरण उचललं. डॅरेल इसा यांच्या समितीने २२ मे २०१३ला लर्नरना साक्षीला बोलावलं. त्या आल्या, बसल्या, आणि त्यांनी एक छोटं निवेदन वाचलं: मी काहीही चुकीचं केलेलं नाही, कोणताही कायदा मोडलेला नाही. त्यानंतर पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायला नकार दिला. अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या या दुरुस्तीनुसार कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही.

भांडण इथेच पेटलं. ट्रे गाउडी नावाचे प्रतिनिधी पूर्वी सरकारी वकील होते. ते तिथल्या तिथे म्हणाले, की आधी आपली बाजू मांडायची आणि मग गप्प बसायचं हे चालणार नाही. बोललात तिथे मौनाचा हक्क संपला. समितीने जूनमध्ये २२ विरुद्ध १७ मतांनी तसं ठरवूनही टाकलं. सप्टेंबरमध्ये लर्नर निवृत्त झाल्या. ५ मार्च २०१४ला त्यांना पुन्हा बोलावलं, त्या पुन्हा गप्प. इसांनी बैठक गुंडाळली आणि डेमोक्रॅट पक्षाचे ज्येष्ठ सदस्य एलायजा कमिंग्ज बोलू लागले तसा त्यांचा माइक बंद करायला लावला. याचा व्हिडिओ बघावा. मूळ प्रकरणात इसांचा मुद्दा कितीही बरोबर असो, माणसाचा माइक बंद केला की बघणारा दुसऱ्या बाजूला जातो.

७ मे २०१४ला सगळ्या गृहाने मत दिलं: लॉइस लर्नर यांनी काँग्रेसचा अवमान केला आहे. बाजूने २३१, विरोधात १८७.

माझे बाबा तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "म्हणजे हक्कभंग. मग आत टाकलं का तिला?"

त्यांच्या प्रश्नाला अर्थ आहे. अधिवेशन सुरू झालं की आमच्या घरी रात्रीचं जेवण उशिरा व्हायचं. तारांकित प्रश्न आला की कचेरीत दिवे जळत राहायचे, माहिती वर पाठवल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. आमदार ओरडले, बदली झाली, विभागीय चौकशी लागली, हे सगळं त्या लोकांच्या हिशेबात बसायचं. 'हक्कभंग' हा शब्द मात्र हळू आवाजात उच्चारला जायचा. आणि ती भीती पोकळ नव्हती. २००८ साली महाराष्ट्राच्या विधानसभेने राज्याचे निवडणूक आयुक्त नंदलाल यांना, घटनात्मक पदावरच्या माणसाला, हक्कभंगासाठी दोन दिवसांची कैद सुनावली होती. मार्च २०२३मध्ये उत्तर प्रदेशच्या विधानसभेने २००४च्या एका जुन्या प्रकरणात सहा पोलिसांना मध्यरात्रीपर्यंत विधानभवनातच कोठडीत ठेवलं. त्यातले एक मधल्या काळात आयएएस होऊन निवृत्तही झाले होते. आपल्याकडे सभागृहच फिर्यादी, सभागृहच न्यायाधीश. मला हे कधी पटलेलं नाही. ज्याचा अपमान झाला त्यानेच शिक्षा ठरवायची, ही गल्लीतली पद्धत झाली.

अमेरिकेतही एकेकाळी हेच चालायचं. १९३४ साली सिनेटने विल्यम मॅक्रॅकेन नावाच्या वकिलाला धरलं. हूव्हर यांच्या सरकारात ते विमानवाहतुकीचं खातं सांभाळत होते, आणि विमानांनी टपाल नेण्याच्या कंत्राटांची चौकशी चालू होती. सिनेटने मागवलेले कागद त्यांच्या कार्यालयातून त्यांच्या अशिलांनी काढून नेले. काही तर फाडून कचऱ्यात टाकले. टपाल खात्याच्या तपासनिसांनी कचऱ्याच्या पिशव्या उपसून ते कपटे शोधले आणि जोडले. सिनेटने मॅक्रॅकेनना दहा दिवसांची कैद दिली आणि १९३५ला सुप्रीम कोर्टानेही ती सिनेटची ताकद मान्य केली. त्यानंतर मात्र ही प्रथा जवळजवळ बंदच पडली.

आता वापरतात तो १८५७चा कायदा. गृह ठराव करतं, तो वॉशिंग्टनच्या सरकारी वकिलाकडे जातो, आणि त्याने तो ज्युरीपुढे न्यायचा. शिक्षा एक महिना ते एक वर्ष. गोम अशी, की तो सरकारी वकील राष्ट्राध्यक्षाने नेमलेला असतो. २०१२मध्ये याच गृहाने खुद्द ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांच्यावर अवमानाचा ठराव केला होता. खटला भरायचा तर होल्डर यांच्याच हाताखालच्या माणसाने भरायचा. अर्थातच भरला गेला नाही.

लर्नर यांच्याबाबतीत रोनाल्ड मेचन या सरकारी वकिलाने जवळजवळ अकरा महिने घेतले. ३१ मार्च २०१५ला, पद सोडण्याच्या तोंडावर, त्यांनी कळवलं की प्रकरण ज्युरीकडे नेणार नाही. 'मी निर्दोष आहे' एवढं ढोबळ विधान केल्याने मौनाचा हक्क जात नाही. रिपब्लिकन संतापले. पण मेचन यांचं मला बरोबर वाटतं. आरोपीच्या पिंजऱ्यात उभं असताना 'गुन्हा कबूल नाही' एवढं म्हणणाऱ्या माणसाचा गप्प बसायचा हक्क आपण काढून घेत नाही. आपल्या घटनेच्या २०व्या कलमातही तो आहे.

बाबांना हे ऐकून जरा निराशाच झाली. "म्हणजे नुसतं मतदानच."

हो. आणि ज्या वर्षभरात हे सगळे वकील एका बाईच्या मौनावर कीस पाडत होते, त्याच वर्षभरात खरी साक्ष वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावी एका डेटा सेंटरच्या कपाटात पडून होती.

जून २०१४मध्ये, म्हणजे अवमानाच्या ठरावानंतर महिन्याभराने, आयआरएसने काँग्रेसला कळवलं की लर्नर यांची हार्ड डिस्क जून २०११मध्येच बंद पडली होती. जानेवारी २००९ ते एप्रिल २०११ या काळातले बरेच मेल गेले. डिस्क खात्याच्या फोरेन्सिक लॅबपर्यंत गेली होती, काही निघालं नाही, मग ती भंगारात गेली. ज्यांना मेल पाठवले होते त्यांच्या पेट्यांमधून खात्याने सुमारे २४,००० मेल गोळा केले. बॅकअप टेप? त्या सहा महिन्यांनी पुन्हा वापरल्या जातात, म्हणून उरल्या नाहीत.

ट्विटरवर हसण्याचा पूर आला. हार्ड डिस्क ऐन वेळी मेली म्हणे! मला मात्र यात अविश्वसनीय काही दिसत नाही. डिस्क मरतातच. प्रश्न डिस्कचा नव्हताच, तिच्यावर एकुलती एक प्रत ठेवायला लावणाऱ्या १५० एमबीचा होता.

मग आयआरएसवर नजर ठेवणाऱ्या महानिरीक्षकाची माणसं टेप शोधायला निघाली. त्यांचा अहवाल २०१५मध्ये आला आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला वाचण्यासारखा कागद तोच. टेप मिळाल्या. त्यांतून आधी न दिलेले हजारावर मेल निघाले. पण आणखी ४२२ टेप होत्या, आणि त्या ४ मार्च २०१४च्या सुमारास पुसल्या गेल्या होत्या. ४ मार्च. लर्नर समितीपुढे दुसऱ्यांदा गप्प बसल्या त्याच्या आदल्या दिवशी.

कोणालाही वाटेल, कट. चौकशीत कट सापडला नाही. मार्टिन्सबर्गच्या रात्रपाळीतल्या माणसांनी जुन्या, बंद झालेल्या सर्व्हरच्या टेप भंगार समजून चुंबकाने कोऱ्या केल्या. मेलचा कोणताही बॅकअप पुसू नका, असा आदेश मे २०१३मध्येच निघाला होता. वरून निघाला तो खाली पोचलाच नाही, किंवा पोचला तो कळला नाही. त्या टेपांवर २४,००० पर्यंत मेल असू शकले असते, असा महानिरीक्षकाचा अंदाज. कायदा खात्याने ऑक्टोबर २०१५मध्ये कोणावरही गुन्हा न ठेवता तपास बंद केला. २०१७मध्ये सरकारने त्या उजव्या संस्थांची कोर्टात माफी मागितली. त्याच साली महानिरीक्षकाचा दुसरा अहवाल आला: 'प्रोग्रेसिव्ह', 'ऑक्युपाय' असली डावी नावंही बाजूला काढली जात होती.

हे सगळं वाचून झाल्यावर मला लर्नर खोट्या की खऱ्या, हा प्रश्न उरला नाही. उत्तर त्या टेपांवर असलं तरी ते आता कोणालाच मिळणार नाही. मला त्या रात्रपाळीवाल्यांचा चेहरा दिसतो, कारण तो माझ्या ओळखीचा आहे. तिकीट येतं, टेप नंबर तपासतो, 'डन' करतो. खासदारांना बोलणारा माणूस लागतो, ज्याच्यावर कॅमेरा लावता येतो. टेपला समन्स कसं बजावणार?

हे लिहिण्याचं कारण असं, की सध्या आमची टीम आपल्याकडच्या एका सरकारी कार्यालयासाठी मेलची व्यवस्था बसवते आहे. मेल किती दिवस ठेवायचे, या रकान्यात तिकडून १८० दिवस असं आलं. स्टोरेजचा खर्च, दुसरं काही नाही. बाबांच्या काळी कागदाला अ, ब, क, ड वर्ग असायचे. 'अ' म्हणजे कायम. 'ड' म्हणजे वर्षभर ठेवा, मग निर्लेखन. एखादा कागद 'अ' की 'ड', यावर ते हेडक्लार्कशी तासभर भांडल्याचं मला आठवतं. आमच्या स्क्रीनवर एकच रकाना आहे आणि त्यात सगळंच 'ड'पेक्षा खालचं.

मी मेल लिहून विचारलं: विधिमंडळाचा प्रश्न, माहिती अधिकाराचा अर्ज, ऑडिट, कोर्ट यातलं काही आलं तर होल्ड कोण टाकणार? त्या अधिकाऱ्याचं पद आणि नाव द्या. आठवड्याने उत्तर आलं, की सध्या जे आहे तेच चालू द्या, पुढे बघू.

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुझ्या या मेललाही १८० दिवसच का?"

"हो."

"मग कागदावर दे. आणि जावक क्रमांक टाकून त्यांची पोच घे."

पत्र परवा गेलं. पोच अजून यायची आहे.